दोन उट्या

आमच्या आत्यांनी चाळीस वर्षं ज्या महादेवासाठी चंदन उगाळलं, तो महादेव त्यांनी कधी पाहिलेला नव्हता.

आत्या म्हणजे माझ्या सासूबाई. चैत्राची उन्हं तापली की देवाला चंदनाची उटी लावायची, म्हणजे त्याच्या अंगाची आग होत नाही, ही रीत सगळीकडेच आहे. आमच्या घरची उटी डोंगरावरच्या महादेवाला जायची. सासरे आणि भावकीतले पाच-सात पुरुष चढून वर जायचे. बायका पायथ्याला चिंचेखाली चुली मांडायच्या, आणि पुरुष उतरून आले की पंगत बसायची. बायकांनी वर जायचं नाही असा काही नेम नव्हता. नवी नवरी होते तेव्हा मी विचारलंही होतं. "वाट वाईट हाय," एवढं उत्तर मिळालं आणि हातात लाटणं आलं.

सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. भावकीतले बाकीचे थकले, तरणी पोरं पुण्याला गेली. दोन चैत्र उटीविना गेले. यंदा होळी झाली तशी आत्यांनी फोनवर सांगून टाकलं, "औंदा उटी मी लावीन. माझ्या हातानं."

माझ्या नवऱ्याने लगेच नन्नाचा पाढा सुरू केला. आईला बीपी आहे, ऊन आहे, चढ आहे. सदुसष्टाव्या वर्षी डोंगर चढायची काही गरज नाही. त्याचं म्हणणं मला तेव्हा पटलं होतं, हे आधीच सांगून ठेवते. म्हणून मी म्हटलं, चढायचं कशाला, आपली जीप आहे की.

ही जीप माझी. जालन्यात मी बियाण्यांच्या एका कंपनीत उगवणशक्ती तपासते. शंभर दाणे मांडायचे, किती उगवले ते मोजायचे, पुन्हा शंभर मांडायचे. आठवडाभर अशा मुकाट कामात काढल्यावर रविवारी काहीतरी खडखडणारं हवंसं वाटतं. म्हणून चार वर्षांपूर्वी जुनी फोर बाय फोर घेतली आणि डोंगरदऱ्यांत गाड्या घालणाऱ्या आमच्या गटात शिरले. नवऱ्याला गाडीत मळमळतं, त्यामुळे तो रविवारी घरी थांबतो आणि माझ्या काळजीने तिथे मळमळतो.

गटात पाच गाड्या. त्यांतली सगळ्यांत नवी एका दाताच्या डॉक्टरांची. तिला खोल पाण्यातून जाताना इंजिनाला हवा मिळावी म्हणून बाहेरून उंच नळी बसवली आहे. आमच्या जिल्ह्यात एवढं पाणी एप्रिलमध्ये कुठे भेटणार, हे त्यांना विचारायचं नाही, राग येतो. आणि आमचा म्होरक्या म्हणजे उस्ताद. वडीगोद्रीला हायवेच्या कडेला त्यांचं गॅरेज आहे. त्याआधी वीस वर्षं ट्रक चालवला. बाकी आम्ही चौघं हौशे, उस्ताद नसले तर मुरमाच्या ढिगाऱ्यातही अडकून बसू.

आत्यांना वर न्यायचंय म्हटल्यावर उस्ताद लगेच कबूल झाले. वाट त्यांना माहीत होती. वनखात्याचा जुना गाडीरस्ता डोंगराला मागून वळसा घालून वर जातो, शेवटचा तुकडा तेवढा खराब. देवाचा वार सोमवार, पण जीपवाल्यांचा रविवार. महादेवाने एक दिवस सांभाळून घ्यावं असं ठरलं.

शनिवारीच मी गावी गेले. तीर्थपुरीच्या अलीकडे आमचं शेत आणि घर आहे. आत्या सहाणेवर खोड घासत बसल्या होत्या. तीन दिवस चाललं होतं म्हणे. वाळ्याचं पाणी, चिमूटभर भीमसेनी कापूर, आणि घासत राहायचं. बोटांची टोकं पांढरी पडून सुरकुतली होती. मी म्हटलं, बाजारात तयार पावडर मिळते. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मी चहा टाकायला उठले.

संध्याकाळी त्यांनी पितळेची मोठी वाटी गच्च भरली, वर ओलं फडकं बांधलं आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवली. "सकाळी ही वाटी आन् ही सहाण गाडीत ठिवायचं काम तुझं," त्या म्हणाल्या. "वर जाऊन घट वाटली तर जरा पाणी घालून, उगाळून पातळ करता यील."

"ठेवते," मी म्हटलं.

रविवारी दिवस उगवायच्या सुमाराला पाचही गाड्या आमच्या अंगणात. चहा, पोहे, गोंगाट. उस्ताद सवयीप्रमाणे प्रत्येक गाडीभोवती फिरले, चाकांना लाथा मारून हवा बघितली, पाण्याचे कॅन मोजले, माझ्या मागच्या सीटखाली वाकून काहीबाही कोंबलं. मी किल्ली शोधत होते. आत्या नवं इरकल नेसून केव्हाच पुढच्या सीटवर बसल्या होत्या. त्यांनी खिडकीतून उस्तादांना हाक मारली.

"उटी ठेवली का?"

"ठेवली मावशी. दोन्ही ठेवल्या, मागच्या सीटखाली."

"नीट बसवल्या का? हालायला नको."

"बिलकुल न्हाई हालत. मी सोता बसवल्यात."

वाटी आणि सहाण, दोन्ही ठेवल्या. आत्या निवांत झाल्या. मीही ऐकलं आणि मनात म्हटलं, चला, उस्तादांनी माझं काम केलं. ओट्याकडे वळूनसुद्धा बघितलं नाही. दाणे मोजताना मी एकाला शंभरदा बघते आणि इथे एकदा आत डोकावले नाही, याची मला आजही चीड येते.

पहिला तासभर साधा रस्ता होता. उसाचे पट्टे मागे पडले, मग पऱ्हाट्या उपटलेली काळी रानं, मग उघडा मुरूम. नऊ वाजता उन्हाने डोळे दिपायला लागले. डोंगराच्या मागच्या अंगाला उस्तादांनी गाड्या थांबवून सगळ्यांच्या चाकांतली हवा कमी केली आणि फर्मान काढलं, एसी बंद, लो गियर, आणि मी सांगेन तिथेच पाय दाबायचा. आमच्या सह्याद्रीकडच्या मित्रांना हा डोंगर दाखवला तर ते त्याला टेकडी म्हणून हसतील. हसोत. एप्रिलच्या उन्हात सुट्या दगडांवरून जुनी जीप चढवताना उंची कोणी विचारत नाही.

उस्ताद पायी पुढे चालत खुणा करत होते. डॉक्टर त्यांची गाडी वर काढून मदतीला खाली आले होते. माझा दुसरा नंबर. अर्ध्या चढावर मागचं चाक मुरमात फिरायला लागलं, धूळ उडाली, मी घाबरून क्लच चुकवला आणि इंजिन बंद पडलं. गाडी हातभर मागे सरकली. मी ब्रेकवर उभीच राहिले म्हणा ना. हँडब्रेक ओढला, तो जुना, नावाला. गाडी बोटाबोटाने घसरतच होती. उजवीकडे घळ होती. आत्यांनी एका हाताने दांडा धरला होता आणि ओठ हलत होते.

"ब्रेक सोडू नका मॅडम!" उस्ताद ओरडले. "डाक्टर, उटी लावा! उटी! मागच्या सीटखाली हाय, काढा जल्दी, चाकाला लावा!"

डॉक्टरांनी मागचं दार उघडून सीटखाली हात घातला. आणि इतका वेळ देवाचं नाव घेणाऱ्या आत्या गर्रकन मागे वळल्या.

"ओ डाक्टर! हात लावू नका! देवाची हाय ती! चाकाला लावता का काय?"

डॉक्टर जागच्या जागी थिजले. दातांचे डॉक्टर ते, पेशंट ओरडला की हात थांबायची सवय. गाडी आणखी चार बोटं सरकली.

"मावशी, चाकाचीच हाय ती!" उस्ताद धावत खाली आले.

"माझं तीन दिवसाचं उगाळलेलं हाय! कळतंय का तुम्हाला?"

उस्तादांनी डॉक्टरांच्या हातातून ती ओढून घेतली आणि चाकामागे ठोकली. दुसरीही ठोकली. बाभळीच्या लाकडाचे दोन तिरपे ठोकळे. ट्रकवाले चाकाखाली लावतात त्या ठोकळ्याला उटीच म्हणतात. गाडी थांबली.

आत्यांनी खिडकीतून वाकून ते ठोकळे बघितले.

"ह्या दोन उट्या व्हय?"

"हाव मावशी. दोन आणल्या."

"आन् माझी?"

"तुमची कोणती?" उस्तादांनी विचारलं आणि त्यांच्याच डोक्यात उजेड पडला. त्यांनी कपाळाला हात लावला. मला तर वर बघवेना. वाटी ओट्यावर होती, ओल्या फडक्याखाली, आणि ती ठेवायचं काम माझं होतं. डॉक्टरांना तेवढ्यात हसू फुटलं. मी त्यांच्याकडे बघितल्यावर ते दगड गोळा करायला निघून गेले.

उस्ताद म्हणाले, "मी जाऊन आणतो. दोन तास धरा." पण ते गेले तर आम्ही बाकीचे त्या चढावर लोंबकळत राहणार, हे सगळ्यांना कळत होतं. आत्यांनाही.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "लोकांना उन्हात कुठं ताटकळत ठिवता. चला." मग माझ्याकडे न बघता, "चाळीस वर्षं हात भरला व्हता, देव न्हवता. आज देव हाय तर हात रिकामा."

शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मी गाडी चालू केली. पुढचा चढ मी कसा काढला ते मला आठवत नाही, एवढंच आठवतं की आत्यांनी दांडा सोडून दोन्ही हात मांडीवर ठेवले होते.

माथा सपाट. वर एक पत्र्याचं छप्पर, तीन बाजूंनी दगडी भिंत, पुढे कान तुटलेला नंदी. खाली दक्षिणेकडे गोदावरीचा हिरवा पट्टा, मधूनमधून शेततळी चमकत होती. वारा होता, पण चुलीपुढून आल्यासारखा. मंडळींनी गाड्या ओळीने लावून फोटो सुरू केले. छपराच्या सावलीत एक म्हातारे गुरव बसले होते. आत्यांनी चपला काढल्या, बाहेरच्या तापलेल्या फरशीवरून भराभर आत गेल्या आणि उभ्या राहिल्या. मी मागे होते. नमस्कार करतील, रडतील, काहीतरी होईल म्हणून मी तयारीतच होते.

"बारका हाय की," आत्या म्हणाल्या.

खरोखरच बारका होता. वीतभर उंचीची पिंड, तीही अर्धी जमिनीत. आत्या वाकल्या, पिंडीवर हात फिरवला, मग तसाच हात वर धरून मनाशी काही मोजमाप केलं. धान्याची रास बघून पोती सांगणारी बाई ती.

"गुरवबाबा, अजून कुठं पिंड हाय का?"

"न्हाई बाई, ही एकच."

"मंग वाटीभर उटी लागायची कशाला? ह्याला चार बोटं बास व्हतीन."

गुरवांनी विचारलं, कोण, कुठल्या. आत्यांनी सासऱ्यांची ओळख सांगितली. म्हातारा एकदम खुलला. "आरं देवा! तुम्ही त्यांच्या मालकीण का? मोठा इनोदी माणूस. दर साल यायचे. दोन साल झाले, मी वाट बघून राह्यलो. गेले का? अरेरे."

"बाकीची उटी कुठं जायची?" आत्यांनी पुन्हा विचारलं.

गुरव जरा घुटमळले. मग म्हणाले, "आता गेलेल्या माणसाचं काय लपवायचं. देवाला बोटभर लावायचे, आन् राह्यलेली सोताच्या टकलाला. छातीला, पाठीला. उघड्या अंगानं हितं ह्या फरशीवर झोपायचे, सगळेच्या सगळे. म्हणायचे, देवाला ऊन लागत न्हाई, आपल्याला लागतंय. घोरायचे मस्त तासभर. घामानं निघून गेली की मंग उतरायचे."

मी ओठ चावून धरले. आत्यांचा चेहरा आधी लाल झाला, मग खांदे हलायला लागले आणि त्या हसल्या. पदर तोंडाला लावून, भिंतीला टेकून हसल्या. "चाळीस वर्षं! चाळीस वर्षं मी ह्यांच्या टकलासाठी उगाळली! आन् खाली आले की म्हणायचे, लई गार झाला बघ देव!" मीही हसले. वाटी विसरल्याचं ओझं माझ्या डोक्यावरून निम्मं उतरलं, हेही खरं.

हसू ओसरल्यावर आत्या तिथेच खाली बसल्या, त्या फरशीवर. हाताने फरशी चाचपली. "थंड हाय," म्हणाल्या. आणि जरा वेळाने, "एवढं सुख व्हतं तर मला बी आणायचं व्हतं की एखाद्या साली."

गुरवांना वाटलं असावं की आपण मेलेल्या माणसाची बाजू घेतली पाहिजे. ते म्हणाले, "आसं न्हाई बाई. त्यांनी इचारल्तं मला. लई वर्षं झाली. म्हणले, घरची म्हणती एकदा बघायचंय, बाईमाणसाला झेपंल का वाट? मीच म्हणलो, न्हाई झेपायची. उगी पाय घसरला तर कोणाच्या गळ्यात. मंग न्हाई आणलं त्यांनी."

आत्यांनी त्यांच्याकडे बघितलं. हसणं आता कुठेच नव्हतं.

"त्यांनी तुम्हाला इचारलं," त्या म्हणाल्या. "मला इचारायचं व्हतं."

आम्हीही यंदा तेच केलं होतं. नवऱ्याने मला सांगितलं, मी उस्तादांना विचारलं, उस्तादांनी वाट ठरवली. आत्यांना चढवेल का, हे आत्यांना कोणीच विचारलं नव्हतं.

त्यांनी पाण्याची बाटली मागून घेतली, पिंडीवर सगळी ओतली, ओल्या हाताने पिंड नीट पुसली आणि उठल्या. "पायवाट कुठली?"

"आत्या, गाडी आहे ना."

"गाडीनं तू ये. मी पायी उतरते."

मी ऊन म्हटलं, बीपी म्हटलं, नवऱ्याचं नाव घेतलं. "मी कापूस येचते तवा कोणी इचारतं का ऊन हाय म्हून?" एवढं बोलून त्या चालायला लागल्या. मी जीपची किल्ली उस्तादांकडे फेकली, पाण्याची दुसरी बाटली उचलली आणि मागे धावले.

वाट म्हणजे दगडांची सरळ उतरण. काही ठिकाणी पायऱ्यांसारखे धोंडे बसवलेले, दोन ठिकाणी घसरडा मुरूम. तिथे आत्या आडव्या पावलांनी उतरल्या, मी बसून. अर्ध्यात खालून एक बाई चढून येताना दिसली. डोक्यावर पाण्याने भरलेली घागर, कडेला कळशी, पायांत रबरी चपला. आम्हाला वाट द्यायला ती कडेला थांबली.

"कोणाची ग तू?" आत्यांनी विचारलं.

"गुरवाची सून. सासरे वर हायेत न, देवाला पाणी न्यायचं."

"रोज चढती?"

"दोनदा. सकाळी एकदा, आन् आत्ता हे."

"कवापून?"

"लगीन झाल्यापून. माझ्या आधी सासू आणायच्या." ती हसून चढायला लागली. घागरीतलं पाणी हिंदकळत नव्हतं.

आत्या ती वळणाआड जाईपर्यंत तिथेच उभ्या राहिल्या. मग उतरल्या. मी वाटेत दोनदा पाणी प्यायले, त्यांनी एकदाच घोटभर घेतलं. चिंचेखाली पोचलो तेव्हा मी घड्याळ बघितलं. पाऊण तास झाला नव्हता. चुलींचे काळे धोंडे अजून तसेच पडले होते. गाड्यांचा पत्ता नव्हता, त्यांना मागून वळसा घालून यायचं होतं.

आत्यांनी वळून वर बघितलं. पत्र्याचं छप्पर उन्हात लखलखत होतं, अगदी स्पष्ट दिसत होतं.

"एवढंच व्हतं?" त्यांनी मला विचारलं.

मी हो म्हटलं.